थिएर्थो वारा, गार्नाचाची रेड वाइन आणि आपला मिरज पूर्व भाग

भट्टीकर (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आधीच सांगून टाकतो, मी वाइनमधला जाणकार नाही. शिरोली एमआयडीसीत ओतकामात केस पांढरे झाले. घरात दारूचं नाव निघालं तर आई अजून ताटावरून उठते. आपण कोल्हापूरच्या गंगावेशीत उभ्या उभ्या म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या गावचे. द्राक्षाशी आपला संबंध एवढाच, की तासगावच्या पाव्हण्यांनी पेटी आणली की ती संपवायची.

पण मागच्या वर्षी कंपनीच्या कामानं स्पेनमधल्या झारागोझाला सात महिने काढले. तिथं एका वाऱ्याशी गाठ पडली आणि त्याच्या मागं मागं एका द्राक्षाशी. ते डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा.

वाऱ्याचं नाव थिएर्थो. म्हणताना जीभ दातात धरायची. मला ते जमायला दोन महिने लागले. जानेवारीत पहिल्याच दिवशी बसस्टॉपवर छत्री उघडली. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण रंकाळ्यावर रेनकोट घालून पोहणाऱ्याकडं बघू. पुढच्या मिनिटाला छत्रीच्या काड्या एकीकडं आणि कापड दुसरीकडं. झारागोझात छत्री का दिसत नाही ते तेव्हा कळलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो नावाच्या रोमन पुढाऱ्यानं या वाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय: बोलायला तोंड उघडलं की हा गाल भरून टाकतो, आणि हत्यारबंद माणसाला, भरल्या गाडीला आडवं करतो. मला केटोचं पटलं, माझी तर नुसती छत्री होती.

हा वारा येतो कुठून? वर बिस्केचा उपसागर, खाली भूमध्य समुद्र. वरच्या बाजूला हवेचा दाब चढला आणि खाली उतरला की मधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यातून हवा सुटते. एका अंगाला पिरेनीज, दुसऱ्या अंगाला इबेरियन डोंगररांग, मधे बोळ. ज्यांनी कपोला (लोखंड वितळवायची) भट्टी चालवलीय त्यांना हे एका वाक्यात कळेल: ब्लोअर तोच, पाइप अरुंद केला की झोत वाढतो. वायव्येकडून येतो, गार असतो आणि कोरडाठाक असतो. हिवाळ्यात-वसंतात जोर जास्त, पण वर्षात कधीही तोंड दाखवतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासचे झोतही तिथं येतात.

एका शनिवारी बस पकडून बोर्खाला गेलो. झारागोझाच्या पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर छोटं गाव. कॅलिक्स्टस तिसरा आणि अलेक्झांडर सहावा हे दोन पोप ज्या घराण्यातले, त्याचं आडनाव याच गावावरून आलं. पण जगाला गाव माहीत झालं ते २०१२ साली. गावाबाहेरच्या देवळात भिंतीवरचं येशूचं चित्र खराब झालेलं, एका आजींनी भक्तिभावानं स्वतःच रंगवून दुरुस्त केलं. ते जे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर बघितलंय. आधी जग हसलं, मग तिकीट काढून बघायला आलं. मीही बघितलं. असो, विषय द्राक्षाचा आहे.

गावाच्या मागं मोंकायो नावाचा डोंगर, तेवीसशे मीटरच्या वर, डोक्यावर बर्फ. त्याच्या पायथ्याशी साडेतीनशेपासून सातशे मीटर उंचीपर्यंत बागा. बाग म्हणायलाही धीर होईना. मी मिरज-तासगावचे मांडव बघितलेला माणूस. इथं ना तार, ना अँगल, ना ठिबक. गोट्यागोट्यांच्या रानात गुडघ्याएवढी खोडं, वर चार-पाच फांद्या पेल्यासारख्या उघडलेल्या. त्या पद्धतीला ते 'पेला'च म्हणतात. काही खोडं शंभरीच्या पुढची, वाकलेली, भेगाळलेली. पाऊस वर्षाला साधारण साडेतीनशे ते साडेचारशे मिलिमीटर. आपल्या गगनबावड्याला तेवढा एका बऱ्या आठवड्यात पडतो.

तिथल्या शेतकऱ्याला मी मोडक्या इंग्रजीत आणि हातवारे करून विचारलं, हा वारा तुमची झाडं मोडत नाही का? तो म्हणाला, मोडतो की. कोवळे कोंब मोडतो, फुलोरा झाडतो. पण पाऊस पडला की दोन-तीन तासांत पान कोरडं करून जातो. बुरशीला बसायला ओल लागते, ती ओलच राहत नाही. वर्षात दोन-तीनदा गंधक मारलं की संपलं. मग हात झटकून म्हणाला, वारा माझा गडी आहे, पगार घेत नाही.

द्राक्षाचं नाव गार्नाचा. फ्रान्समध्ये गेलं की ग्रेनाश. साल पातळ, साखर भरपूर, त्यामुळं वाइन चौदा-साडेचौदा टक्क्यांची होते. रंग फार गडद नाही, तुरटपणा कमी. मला जे लागलं ते सांगतो: पिकलेल्या तुतीसारखं, मागून थोडी मिरी, आणि गिळल्यावर उन्हात तापलेल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखा वास. हे शेवटचं माझ्या मनाचं असेल.

आता मुद्दा. परत येताना कवठेमहांकाळकडच्या ढालगावच्या पठारावरून गेलो. पवनचक्क्या फिरत होत्या. झारागोझाच्या रस्त्यावरही अशाच रांगा. पाऊस पाचशेच्या आसपास, माळरान, दगड, वारा. मग आपल्या पूर्व भागात दुसरं बोर्खा का होत नाही? कोल्हापूरला पाणी आणि ऊस, तिकडं वारा आणि वाइन. चुकत असेन तर सांगा.

कट्टा_गंगावेस

एक नंबर भावा! छत्रीचं वाचून चहा सांडला. आजीबाईंच्या चित्राचा फोटो टाक की.

सार्डिनिया

छान लेख. एक पुरवणी: गार्नाचा मूळचं अरागॉनचं (म्हणजे झारागोझाच्या मुलखाचं) की इटलीतल्या सार्डिनिया बेटाचं यावर दोन्हीकडचे लोक हिरिरीनं भांडतात. सार्डिनियात त्याच द्राक्षाला कान्नोनाउ म्हणतात. मिसळ कोल्हापूरची की पुण्याची, त्यातलाच प्रकार.

कट्टा_गंगावेस

पुण्याची?? संपादक, या आयडीवर लक्ष ठेवा.

अनघा_वनस्पती

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून जरा मास्तरकी करते. 'वारा माझा गडी' हे अर्धं खरं आहे. गडी चांगला असला तरी तो जेवतो. वारा पानावरची दमट हवा सतत ओढून नेतो, त्यामुळे पानातून पाणी जास्त उडतं. कोरड्या रानात, ठिबक नसताना, हे वेलाच्या जिवावर बेतू शकतं.

गार्नाचा तिथं टिकलंय कारण ते कंजूष आहे. पाणी कमी पडायला लागलं की ते पानांची रंध्रं लवकर मिटून घेतं. शिराझ या दुसऱ्या काळ्या द्राक्षाचं उलट: ते रंध्रं बराच वेळ उघडी ठेवतं, पाणी उधळतं आणि मग पानं लोंबकळतात. द्राक्षाच्या अभ्यासात ही दोन नावं नेहमी अशीच समोरासमोर ठेवतात. शिवाय गार्नाचाची काडी ताठ आणि लाकूड टणक. तारेचा आधार नसतानाही ती झोतात उभी राहते. फ्रान्सच्या दक्षिणेला मिस्त्राल नावाचा असाच वारा आहे आणि तिथंही याच द्राक्षाची चलती, हा योगायोग नव्हे.

उणी बाजू अशी, की या द्राक्षाचा फुलोरा फार नाजूक. फुलताना गार वारा-पाऊस लागला की मणी धरतच नाहीत, घड विरळ राहतो. तुमच्या शेतकऱ्यानं 'फुलोरा झाडतो' म्हटलं ते हेच. पण विरळ घडातही हवा खेळते, घड कुजत नाही. उत्पन्न कमी, माल चांगला.

ठेंगणा पेला का, तर जमिनीलगत वाऱ्याचा वेग कमी. पानांची छत्री घडावर सावली धरते. भट्टीकरांच्या छत्रीपेक्षा ती टिकाऊ.

रस्साप्रेमी

एवढं सगळं झालं पण मूळ प्रश्न राहिला. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन चालते का?

भट्टीकर

अनघाताई, रंध्रांचं माहीत नव्हतं, आभार. रस्साप्रेमी, तुझ्याकडं येतोच. आधी मिरजेकडच्या कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून थांबलोय.

मिरजपूर्व

भट्टीकर साहेब, लिहिलंय झ्याक. पण 'दुसरं बोर्खा' वाचून हसू आलं, राग मानू नका. मी कवठेमहांकाळ तालुक्यातला, साडेचार एकर बाग. थोरल्या भावाचा तीन एकर उशाला.

वारा आमच्यात हाय, कबूल. पण कवा हाय ते बघा की. ढालगावच्या पवनचक्क्या जूनपासनं सप्टेंबरपर्यंत गरागरा फिरत्यात. पाऊस पश्चिमेला तुमच्याकडं सांडतो आणि नुसता वारा आमच्याकडं येतो. तवा आमच्या वेलावर घड नसतोच. एप्रिलात खरड छाटणी झालेली असती, वेल नुसती काडी तयार करत असतो. ऑक्टोबरात गोडी (फळाची) छाटणी केली, डोळा फुटला, पोंग्यातनं घड डोकावला की वारा गप बसला म्हणून समजा. आणि नेमका तवाच परतीचा पाऊस येतो. त्यानंतर सकाळचं दव, धुकं. दहा वाजेपतोर पान ओलं. दावण्या रोगाला, म्हंजे बुरशीला, आणखी काय पाहिजे? फुलोऱ्यात पाऊस घावला तर घड कुजून गळतो. दावण्या आटपला की भुरी, ती पण बुरशीच. तुमच्या पाव्हण्याचं गंधक दोन-तीनदा, माझ्या वहीत गेल्या हंगामात ४३ फवारण्या. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज रात्री झोपेत पण ऐकू येतो.

म्हंजे वारा त्यांचाबी गडी आणि आमचाबी गडी. फक्त आमचा गडी कामाच्या दिवसात सुट्टीवर असतो.

दुसरं, त्यांचा वेल थंडीत झोपतो. पान गळतं, चार महिनं निवांत. आमचा झोपतच न्हाई, म्हणून वर्षाला दोनदा छाटायचा. आणि डोळं सारखं फुटावं म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करायचं. ते लावताना हातमोजं फाटलेलं असलं तर काय होतं ते आमच्या हातांना इचारा. वाइनचं द्राक्ष त्यांच्यात उन्हाळा सरताना पिकतं, रात्र गार व्हायला लागल्यावर. आमच्यात फेब्रुवारी-मार्चात, ऊन चढताना. साखर भरती पण आंबटपणा उडून जातो.

तिसरं सांगू का नको म्हणत होतो. २००६ ला मी दीड एकर शिराझ लावलं. सरकारच्या २००१ च्या वाइन धोरणानंतर सगळीकडं वाइनची हवा होती, पलूसला वाइन पार्क होणार म्हणून मीटिंगा चालल्या होत्या. माझा करार झाला, कुणाशी ते सांगत न्हाई. दोन वरीस माल उचलला, तिसऱ्या वर्षी फोन उचलंना झाले. वाइनचं द्राक्ष म्हंजे मणी बारीक, बी असलेलं, साल जाड. बाजारात कोण हात लावत न्हाई, बेदाण्याला चालत न्हाई. घड वेलावरच वाळला. पाखरांनी पार्टी केली. २०१० ला जेसीबी लावला आणि परत बिनबियांचं थॉमसन.

तवापासनं आमच्या घरात वाइन म्हटलं की वडील 'जेसीबी' म्हणत्यात.

कट्टा_गंगावेस

मिरजपूर्व, काळजाला लागलं राव.

भट्टीकर

मिरजपूर्व अण्णा, काय बोलू. पवनचक्क्या बघितल्या, पण कोणत्या महिन्यात फिरतात हे बघितलंच नाही. मी गेलो तो जुलै होता. लोखंडाचा रंग बघून तापमान सांगणारा माणूस मी, आणि इथं नुसता रंग बघून मोकळा झालो.

तुमच्या जेसीबीवरून एक आठवलं. बोर्खातही जेसीबी लागले होते. स्पेन १९८६ ला युरोपीय समुदायात गेलं. तेव्हा तिकडं वाइनचा महापूर होता, म्हणून वेल उपटणाऱ्याला अनुदान मिळायचं. गार्नाचाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. टँकरनं विकायची, दुसऱ्या वाइनला जोर आणायला मिसळायची, असली त्याची पत. पुष्कळ जुनी खोडं त्या काळात गेली. ज्यांची राहिली ती आळसानं, म्हाताऱ्याच्या हट्टानं, किंवा रान इतकं दगडी की दुसरं काही येणारच नव्हतं म्हणून. त्याच खोडांची बाटली आता मानानं विकतात. माझ्या शेतकऱ्याच्या वडिलांनीही निम्मी बाग उपटली होती. ते रान दाखवताना तो काही बोलला नाही, नुसती हनुवटी त्या दिशेला केली.

निव्वळ_पाणी

दारूच्या जाहिराती इथं कशाला? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हाही असंच 'शेतकऱ्याचं भलं' सांगत होते. लोकांनी विरोध केला म्हणून तो अमलात आला नाही. शेतकऱ्याच्या नावाने बाटली विकू नका.

मिरजपूर्व

निव्वळ पाणी साहेब, मी शेतकरी हाय आणि मी तर बाटलीचं खापर फोडून बसलोय. तुमचं माझं भांडण न्हाई.

स्टेथो

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून एकदाच बोलतो. 'रोज ग्लासभर रेड वाइन हृदयाला चांगली' हे अजून पेशंट मला ऐकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कोणतंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित नाही. धाग्यात कुणी औषध म्हणून शिफारस केलेली नाही, ते बरं. चवीसाठी घेणाऱ्याने चवीसाठी घेतो म्हणावं.

संपादक

धोरणावर वेगळा धागा काढावा. इथे वारा, द्राक्ष आणि (नाइलाजाने) रस्सा.

रस्साप्रेमी

नाइलाजाने?? संपादक कोल्हापूरचे नाहीत हे सिद्ध झालं.

भट्टीकर

बरं, रश्श्याचं. दोन बाटल्या बॅगेत गुंडाळून आणल्या होत्या, त्यातली एक काढली. परवा घरी तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी असा बेत होता. आई मामाकडं गेल्याची संधी साधली. मी, मेव्हणा आणि शेजारचे निवृत्त मास्तर.

पहिली चूक: बाटली कपाटातून काढून तशीच उघडली. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला' असं सगळीकडं लिहिलेलं असतं. ती रूम युरोपातली, दगडी भिंतींची. आपली रूम ३६ अंशाची. पहिला घोट गरम सरबतासारखा, नाकात नुसता स्पिरिटचा वास. मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली आणि ती माणसात आली.

तांबड्या रश्श्याबरोबर सपशेल आपटली. रस्सा एरवी घाम काढतो पण आनंद देतो. त्यावर वाइनचा घोट घेतला की जीभ पेटल्यासारखी झाली आणि वाइनची चव गायब. मास्तर म्हणाले, "हे म्हणजे विस्तवावर रॉकेल." सुक्या मटणाबरोबर बरी. पण पांढऱ्या रश्श्याबरोबर, मंडळी, नाद खुळा! नारळाचं दूध, खसखस, काजू, मागं मिरी-लवंगेची ऊब. आणि वाइनमध्येही तीच मिरी. दोघं एकमेकांना ओळखत असल्यासारखे वागले. मेव्हण्यानं मात्र तिसऱ्या मिनिटाला ग्लासात कोला ओतला. मी रागावणार होतो, पण स्पेनमध्येही पोरं नेमकं हेच करतात आणि त्याला कालिमोचो असं नाव आहे. त्याला हे सांगितल्यापासून तो स्वतःला आंतरराष्ट्रीय समजतोय.

स्टेथो

विस्तवावर रॉकेल ही उपमा शास्त्राला धरून आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या रेणूला) 'गरम लागलं' असं खोटं सांगतं, तोच ग्राहक अल्कोहोलनेही चाळवतो. अल्कोहोल असताना तो कमी तापमानालाही बोंब मारतो. त्यामुळे चौदा टक्क्यांची वाइन आणि तांबडा रस्सा ही जोडी भाजणारच. ताकाला पर्याय नाही. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं.

कट्टा_गंगावेस

म्हणजे शेवटी गंगावेसच जिंकली.

सोलकढी_रत्नांग्री

तांबडा रस्सा खाऊन वर वाइन. तुम्हा लोकांचं पोट म्हणजे भट्टीकरांची भट्टी.

अनघा_वनस्पती

भट्टीकर, ठिबक नव्हतं म्हणालात. ती फक्त परंपरा की कायदा? कुठंतरी वाचल्याचं आठवतं.

भट्टीकर

दोन्ही. स्पेनमध्ये १९९६ पर्यंत वाइनच्या बागांना पाणी द्यायला मनाईच होती. काही अपवाद सोडले तर. पाणी दिलं की घड फुगतो, माल वाढतो, दर्जा पातळ होतो ही भीती. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळानंतर ती उठली. आता बोर्खातही नव्या तारेवरच्या बागांना ठिबक दिसतं. जुन्या पेल्यांना मात्र कुणी देत नाही. त्यांची मुळं इतकी खाली गेलीत की वरचं पाणी त्यांना ओळखीचंही नसेल.

मिरजपूर्व

पाणी द्यायला मनाई! २०१२-१३ ला आमी टँकरनं बागा जगवल्या. म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यासाठी किती मोर्चे काढले. आमच्यात कुणी असला कायदा काढला असता तर मंत्र्याला गावात येऊ दिलं नसतं.

पण एक सांगायचं राहिलं. आमचा वारा वायाच जातो असं न्हाई. फेब्रुवारीच्या शेवटापासनं एप्रिलपतोर आमच्याकडं हवा जी कोरडी होती ती बेदाण्यासाठीच. पाऊस न्हाई, दव न्हाई, झुळूक चालू. घड तोडून आणायचं, डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचं. त्यानं मण्यावरची मेणाची साय फाटती आणि आतलं पाणी बाहेर यायला वाट मिळती. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर अंथरायचं. शेडला छप्पर असतं, भिंती नसत्यात. ऊन लागू द्यायचं न्हाई, नुसता वारा. पंधरा दिसांत चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा. हिरवा रंग पाहिजे तर गंधकाची धुरी. ऊन लागलं की लाल पडतो आणि दर बसतो.

नाशिककडं एवढी बेदाण्याची शेडं का न्हाईत? त्यांच्यात द्राक्ष हाय, पण आमच्यासारखी कोरडी हवा न्हाई. कोल्हापुरात तुमी बेदाणा करायला घेतला तर वाळायच्या आधी त्याला मिशा फुटतील. तासगावच्या सौद्याला एकदा या. पोत्यात हात घालून मूठभर बेदाणा वर काढायचा आणि वासावरनं सांगायचं की शेडला वारा कसा लागलाय. दलाल सांगत्यात. माझी आई पण सांगती.

तर साहेब, आमचा वारा वाइनचा गडी न्हाई, बेदाण्याचा हाय. ज्याचं काम त्यानं करावं.

सार्डिनिया

मिरजपूर्व, हे वेगळ्या लेखात लिहा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

अनघा_वनस्पती

'मेणाची साय' हा शब्द उद्या वर्गात वापरणार आहे. पुस्तकात त्याला उपत्वचेवरचं मेण म्हणतात आणि मुलं झोपतात.

भट्टीकर

अण्णा, धाग्याचं शीर्षक बदलायला हवं. मी वाऱ्यामागं सात हजार किलोमीटर गेलो आणि माझ्या गावापासून दीड तासावरच्या वाऱ्याचं काम मला माहीत नव्हतं. बेदाणा घरी महिन्याला किलोभर लागतो. शिऱ्यात घालतो, प्रसादाला ठेवतो. तो सावलीत वाळतो हेही आज कळलं. मी समजत होतो पापडासारखा उन्हात टाकतात.

एक शेवटचं विचारतो. बोर्खाजवळ वेरुएला नावाचा बाराव्या शतकातला मठ आहे. त्याच्या आवारात वाइनचं संग्रहालय आहे, ते बघून बाहेर पडलो तर वास आला. बाहेर एका रानात चार-पाच माणसं छाटणीच्या वाळल्या काड्यांची जुडी पेटवून त्यावर कोकराच्या बरगड्या भाजत होती. काडी भसकन पेटते, पाच मिनिटांत निखारा होतो, तेवढ्यात जाळी ठेवायची. फक्त मीठ. काडीच्या धुराचा गोडसर वास मटणाला लागतो. मला हाक मारून एक बरगडी हातात दिली. सात महिन्यांत जे खाल्लं त्यात तिचा पहिला नंबर.

तुमच्याकडं एप्रिलात खरड छाटणीच्या काड्यांचा ढीग पडत असेल. मी मटण, मीठ आणि उरलेली एक बाटली घेऊन येतो. मेव्हण्याला कोला आणू देणार नाही. करूया का?

रस्साप्रेमी

मी पण! कट्टा, येणार का?

कट्टा_गंगावेस

गाडी माझी.

मिरजपूर्व

या की, कवाबी या. वडलांना सांगून ठेवतो, जेसीबीवाले न्हाईत, पाव्हणे हायत.

पण साहेब, काड्यांवर मटण भाजायचं न्हाई. त्यांच्या काडीनं वरसातनं दोन-तीनदा गंधक बघितलंय. माझ्या काडीनं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध), सायनामाइड आणि ४३ फवारण्या बघितल्यात. तिचा धूर मी माझ्या म्हशीला पण लागू देत न्हाई, तुमाला कसा देऊ?

बांधाला जुनी बाभळ पडलीय. तिचं सरपण फोडून ठेवतो. दुपारी ऊन कलल्यावर या, तवा शेडमधनं वारा चांगला लागतो.